काकांचा वेगळा कप

लवंगेचा वास आला की मला कोथरूडचा तो दातांचा दवाखाना आठवतो. काकांच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला होता, आणि त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. घशाच्या काही कॅन्सरमागे विषाणूही असतो, एवढं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले आणि काकांना गुन्हेगार सापडला. घरी येताच त्यांनी स्वतःचा कप वेगळा केला, पाणी वरून प्यायला सुरुवात केली आणि सगळा दोष ऑफिससमोरच्या चहावाल्याच्या ग्लासांवर ढकलला. हे सगळं ते आम्हाला तळहातावर तंबाखू मळत समजावत होते. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "अहो, कप वेगळा केलात, आता तंबाखूसाठी तोंडही वेगळं बघा." काकांचा अंगठा तिथेच थांबला. आठवड्याने रिपोर्ट आला. सुदैवाने कॅन्सर नव्हता. परवा त्यांच्याकडे गेलो, तर त्या वेगळ्या कपात लवंगा होत्या. तलफ आली की काका त्यातली एक दाढेखाली धरतात. पाणी मात्र अजून वरूनच पितात आणि दरवेळी शर्ट भिजवतात. त्यावर काकू नुसता टॉवेल पुढे करतात.