सोमेश्वरअप्पांचा अंगठा

पालम तालुक्यातल्या त्या गावात गुरुपादला कुणी गुरुपाद म्हणत नसे. रेशन असो की निराधारचा पगार, आपण आपणच आहोत हे पटवायला त्याच्या टेबलावरच्या मशीनवर अंगठा टेकवावा लागे. म्हणून तो 'अंगठेसाहेब'. साहेबाला बारावीच्या गणितानं दोनदा आडवं केलं होतं, पण खुर्ची मात्र फिरती होती.

गावातल्या म्हाताऱ्यांचे अंगठे कापूस वेचून, विळा धरून पार गुळगुळीत झालेले. मशीन ओळखच देत नसे. सोमेश्वरअप्पांना तर अर्धांग झालेलं, बाजेसकट उचलून आणावं लागे. गुरुपादला दया आली, अन् दयेच्या जोडीला थोडा आळसही. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला एक खोड होती. एकदा नीट उमटलेला ठसा तो आत ठेवून घेई आणि पुढच्या महिन्यात माणूस नसला तरी तोच ठसा वर पाठवून देई. वरच्यांना वाटे, अप्पा समोर बसलेत. अप्पा घरी दुधात भाकरी कुस्करून खात असत. त्यांची बायको नागुबाई म्हणे, "तुला लय पुण्य लागंल रं गुरुपादा." पुण्यही त्यानं ठेवून घेतलं.

पोळ्याच्या सुमारास अप्पा लिंगैक्य झाले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना शेतात बसवून, डाव्या तळहातावर त्यांचं इष्टलिंग ठेवून माती दिली. दिवाळीत गुरुपादनं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना कॉम्प्युटर एका फिरत्या भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवला. आतले अंगठे पुसायचे राहिले, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

संक्रांत झाली आणि नागुबाईच्या फोनवर मेसेज आला: सोमेश्वर यांचा अंगठा जुळला, ओळख पटली. आठ दिवसांनी दुसरा. तिसरा भरदुपारी, ताटावर बसल्या बसल्या. ती तशीच फोन घेऊन आली.

"अप्पा अंगठा द्यायलेत."

"नेटवर्कची गडबड असंल, मावशी."

"गडबड कशाची? डाव्या तळहातावर लिंग दिलं होतं. उजवा हात मोकळाच राहिला रं. लिंग निसटलं असंल हातातून, त्ये चाचपायलेत अंधारात."

गुरुपादला हसू यायला हवं होतं. आला तो काटा. जाळलेल्या माणसाबद्दल असं कुणाच्या मनात आलं नसतं. इथं हात मातीखाली जसाच्या तसा बसलेला होता. नागुबाईच्या दिरानं, शंभुराजनं ठरवून टाकलं, सोमवारी समाधी उकरायची आणि लिंग नीट ठेवायचं.

त्या दोन दिवसांत गुरुपादला मशीनवर टेकलेला प्रत्येक अंगठा गार लागला. रविवारी बायकोनं, महेश्वरीनं विचारलं, "साहेबाचं तोंड का उतरलंय?" भंगारात गेलेला कॉम्प्युटर आणि त्यातले न पुसलेले अंगठे आता कुठं त्याला आठवले होते; त्यानं सगळं सांगितलं.

"मंग आमाला काय सांगायलाव? त्यास्नी सांगा की."

"मशीन काढून घेतील. पोलीस येतील."

"येऊ द्या. बसलेल्या मानसाला उठवायलेत तिकडं, अन् तुमी खुर्चीत गरगर फिरा."

सोमवारी शंभुराजची कुदळ एकदा मातीत शिरली, तेव्हा गुरुपाद ओरडला, "थांबा!" आणि बांधावर उभ्या उभ्या सगळं ओकला. शंभुराजनं त्याची कॉलर धरली. "मेलेला मानूस इकलास का रं, भाड्या?"

नागुबाई मात्र शांत होती. "म्हंजे अंगठा द्यायलेत त्ये अप्पा न्हाईत?"

"न्हाई, मावशी. अप्पा हितंच हायत. बसविले तसेच. नुसता अंगठा गेलाय."

"मंग बोलीव त्याला माघारी."

"तक्रार देतो आजच. पन कुठल्या गावात हाय, कोन चालवायलंय, काय सांगू? कुलूप असतं तर बदललं असतं. अंगठा कसा बदलू?"

नागुबाईनं कुदळीनं उकरलेली माती हातानं परत लोटली, वरून थापटली. तिचा हात बराच वेळ तिथंच राहिला. मग म्हणाली, "तुज्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात आनिक कोन कोन हाय?"

"सरजाबाई. व्यंकटराव." तो अडखळला. "लय जन हायत."

"अन् तुजा?"

रोज सकाळी मशीन उघडायला पहिला अंगठा त्याचाच लागत आला होता. गुरुपादनं मूठ मिटली. कुठल्या टेबलावर, कुणापुढं आपण या घडीला हजर असू, कोण जाणे. घरी महेश्वरीनं भाकरी पुढं सरकवली, तरी ती मूठ काही उघडेना.