पंचशीलानं निवडलेला पाइप

पंचशीला बिलोलीच्या दवाखान्यात सिस्टर होती आणि तिचा नवरा श्रीमंत नेव्हीत, जहाजावरचा सुतार. लग्नाला आठ वर्षं झाली, पण दोघं एका छपराखाली सलग दोन महिनेही राहिले नव्हते. श्रीमंतच्या पत्रांतून समुद्र यायचा. पंचशीलानं तो कधी पाहिला नव्हता. लातूर नवा जिल्हा झाला तशी तिची बदली तिकडं झाली, आणि पुढं चार वर्षांनी श्रीमंत नोकरी संपवून कायमचा घरी आला.

आल्या आल्या त्यानं भाड्याच्या घरामागं शिडाची होडी बांधायला घेतली. "निस्त्या वाऱ्यावर पाणी कसं कापत जातंय, ते तुला दाखवायचंय," एवढंच म्हणाला.

साल दुष्काळाचं. गल्लीत टँकर दोन दिवसांआड यायचा. रांगेतल्या बाया विचारायच्या, "सिस्टर, मालक होडी कुठं सोडणार, हंड्यात?" पंचशीला हसायची. घरी मात्र त्यातलं काही सांगायची नाही.

होडी जवळजवळ झाली आणि काम एका पाइपाशी येऊन अडलं. बसायच्या जागेत लाटेचं पाणी साचलं, तर ते तळातल्या भोकातून पाइपानं मागच्या फळीबाहेर पडायला हवं. पाइप मधेच फाटला किंवा निसटला, की तेच पाणी होडीच्या पोटात. श्रीमंतनं पारदर्शक प्लास्टिकचा पाइप लावला. एप्रिलच्या उन्हात तो नरम पडला आणि वळणावर चपटा झाला. मग मोटारीचा कड्या-कड्यांचा पाइप आणला. त्याच्या आतल्या खाचांत माती धरायला लागली. श्रीमंत पायरीवर जाऊन बसला.

"जहाजावर सगळं स्टोअरमधून मिळायचं गं," तो म्हणाला. "निवडायची येळच आली न्हाई कधी."

ड्युटीवरून आलेली पंचशीला तशीच, पांढऱ्या साडीत, होडीखाली वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"अवो, ह्याला मधी झोल पडलाय. पेशंटची नळी आमी अशी ठिवली तर मेट्रन वरडंल. नळी उतरतीच पायजे, आन कुठंच दबली न्हाई पायजे."

श्रीमंतनं तिच्याकडं पाहिलं. पंधरा वर्षं जहाजावर काढलेला माणूस, पण त्याला राग आला नाही. "चल मग," तो उठला, "उद्या तूच निवड."

सिद्रामप्पांच्या दुकानात बोअरचे पाइप नेणाऱ्यांची झुंबड होती. पंचशीलानं एकेक तुकडा हातात घेऊन वाकवला, बोटांनी दाबला, आत बोट फिरवून पाहिलं. शेवटी आतून गुळगुळीत, जाड काळं रबर, मधे कापडाचा थर आणि तारेचं वेटोळं, असा एक पाइप तिनं बाजूला काढला.

"सिस्टरबाई, बोअर मारलाव का?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"न्हाई, होडी केलीय," ती म्हणाली. गल्लीबाहेर कुणाला तरी तिनं हे पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि तेही मान वर करून.

पाइप उतार धरून बसला. दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा आवळल्या. आता पाणी ओतून बघायचं होतं, पण प्यायचं पाणी त्यात घालायला श्रीमंतचा हात होईना. पंचशीलानं चार दिवस साड्यांचं निळीचं पाणी बादल्यांत साठवलं. रविवारी सकाळी तिनं ते होडीत ओतलं. क्षणभर होडीत निळं पाणी डुचमळलं.

"समुद्र असाच दिसतो का वो?"

"हाव," तो म्हणाला, "बराचसा."

पाणी सरसर उतरलं आणि मागच्या फळीतून बाहेर पडलं. दोघांनी आळीपाळीनं होडीच्या पोटात हात घालून पाहिलं. कोरडं ठाक.

जवळच्या धरणात पाणी यायला दीड वर्ष लागलं. होडी पाण्यात सोडली त्या पहिल्याच दिवशी वारा आडवा फिरला, होडी कलली आणि लाट पंचशीलाच्या मांडीवर येऊन फुटली. ती ओरडलीच. श्रीमंतनं शीड सैल सोडलं. पायाजवळचं पाणी कधी ओसरलं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. भिजलेला पदर पिळत ती म्हणाली, "आता परत वळू नका. त्या पल्याडच्या काठापातुर न्या."