सगळ्यात सावकाश कोण चालतं?

माझी आत्या शेहेचाळीस वर्षं एका खिडकीत बसली. स्कीच्या गावात बस जिथं थांबते तिथंच ती खिडकी होती आणि वर ‘राहण्याची सोय’ एवढीच पाटी. बसमधून उतरलेली माणसं सामानसुमान सांभाळत आधी तिच्यासमोर यायची आणि कुणी कुठल्या लॉजवर राहायचं ते आत्या ठरवायची. ठरवतात लोकच, मी फक्त सुचवते, असं तिचं म्हणणं. पण तिच्यासमोर कुणाची डाळ शिजलेली मी तरी पाहिली नाही.

गावातल्या सगळ्या लॉजवाल्यांनी मिळून तिला नेमलं होतं, त्यामुळे ती कुणा एकाची मिंधी नव्हती. तिच्या पाठीमागच्या भिंतीवर एक लांबलचक फळी होती. फळीवर खिळे, आणि खिळ्याखिळ्याला एकेका खोलीची लाकडी पट्टी. आत्या पट्टी काढून पाहुण्याच्या हातात द्यायची, पाहुणा ती लॉजवर दाखवायचा आणि खोलीची किल्ली घ्यायचा. पट्ट्यांवरची अक्षरं तिचीच, ठसठशीत, शाळामास्तरांना लाजवतील अशी.

माणसं खिडकीशी आली की आधी फर्माइशी सुरू व्हायच्या. बाल्कनी हवी, समोर डोंगर हवा, आवाज नको, खोली उबदार हवी. आत्या सगळं ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि मग तिचा एकच प्रश्न असायचा.

“तुमच्यात सगळ्यात सावकाश कोण चालतं?”

माणसं गडबडायची. नवरा बायकोकडे बोट दाखवायचा, बायको सासूकडे बघायची, सासू म्हणायची, मला काय झालंय, मी चांगली तरातरा चालते. आत्या हनुवटीला हात लावून हा तमाशा बघत बसायची. “इतकी वर्षं झाली,” ती मला एकदा म्हणाली, “पण या प्रश्नाला ‘मी’ असं उत्तर एकानंही दिलं नाही बघ.”

तिचं म्हणणं साधं होतं. खोली सकाळसाठी घ्यायची नसते, दुपारी चारसाठी घ्यायची असते. सकाळी स्की खांद्यावर टाकून निघताना सगळेच वाघ असतात. दुपारी चार वाजता पायांचं पीठ झालेलं असतं, मोजे ओले असतात, आणि ते स्कीचे बूट असे की घोटा वाकत नाही, त्यामुळे माणूस बदकासारखा फेंगडा चालतो. त्या वेळी, माणसांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपासून खोलीपर्यंत किती पावलं पडतात आणि त्यातली किती चढाची, एवढंच खरं. बाल्कनी कुणी पाहिलीय?

ही पावलं तिनं स्वतः मोजलेली होती. दरवर्षी पहिला बर्फ पडला आणि पाहुणे अजून यायचे असले की ती स्कीचे बूट चढवायची, स्की खांद्यावर घ्यायची, आणि लिफ्टपासून प्रत्येक लॉजपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणत चालत जायची. निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लॉजचं नाव, जाताना किती, येताना किती, आणि पुढे तिचे शेरे. ‘जिना अरुंद, बूट आपटतात.’ ‘मोजे वाळवायच्या खोलीत गरम पाण्याची नळी गार.’ ‘पलंग कुरकुरतो, नवीन लग्न झालेल्यांना देऊ नये.’ जिथं स्वतः एक रात्र झोपली नाही, त्या खोलीची पट्टी ती खिळ्याला लावत नसे.

मी नऊ वर्षांची असताना बाबा आम्हाला तिच्याकडे घेऊन गेले. आत्या त्यांची थोरली बहीण, त्यामुळे आपल्याला चांगली खोली मिळणार याबद्दल बाबा निर्धास्त होते. त्यांना वरचं लॉज हवं होतं. ते उताराच्या पार डोक्यावर, त्यातल्या कोपऱ्याच्या खोलीतून अख्खा डोंगर, लिफ्ट, रस्ता आणि वळण घेत येणारी बससुद्धा दिसायची.

“सगळ्यात सावकाश कोण चालतं?” आत्यानं विचारलं. सख्ख्या भावालाही सूट नाही.

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे. मी खाली पाहिलं.

“खोटं बोलताय तिघंही,” आत्या म्हणाली. पण बाबा हटूनच बसले, आणि आत्यानं वरच्या लॉजची पट्टी काढून दिली. ती पट्टी देताना तिचा हात नेहमी थोडा आखडायचा हे मला पुढे कळलं.

तिसऱ्या दिवशी बाबा वरच्या लॉजच्या पायऱ्या बसून उतरले. एकेक पायरी, बुडावर, चेहरा गंभीर ठेवून, जणू ही उतरण्याची प्रतिष्ठित पद्धतच आहे. खाली आत्या उभी होती. स्वेटरच्या खिशातून तिनं दुसरी पट्टी काढली आणि आईच्या हातात दिली. पट्टी आधीपासूनच खिशात होती, हे बाबांना सगळ्यात जास्त लागलं.

ती लिफ्टशेजारच्या लॉजमधली तळमजल्याची खोली होती. त्या लॉजच्या मालकांना सगळे पहिलवान म्हणत, कारण ते काडीसारखे होते. खोलीच्या खिडकीतून भिंत दिसायची आणि सकाळी सातपासून दारावरून बुटांचे आवाज. पण लिफ्टपासून नव्वद पावलं, चढ शून्य. पहिलवानांनी घमेलंभर कढत पाणी आणून दिलं, बाबांनी त्यात पाय बुडवले, आणि मी, आई, आत्या पलंगावर बसून त्यांना इतक्या हसलो की शेवटी तेही हसायला लागले. बाबांचे लालभडक पाय, वाफ, ओल्या लोकरीचा वास. इतक्या ठिकाणी राहिले आजवर, पण कुठली खोली आठवत असेल तर ती.

आत्यानं लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, “मला माझ्या चालीनं चालणारा मिळाला नाही.” ती खिडकीच्या वरच्या खोलीत राहायची आणि लाकडी जिन्यानं खाली उतरली की कामावर. पण तिचं मन वरच्या लॉजमध्ये होतं. चोवीस वर्षांची असताना या गावात आली ती पहिली रात्र ती तिथं, त्या कोपऱ्याच्या खोलीत झोपली होती. सकाळी उठून तिनं खिडकीतून पाहिलं आणि परतीचं तिकीट फाडून टाकलं. वरच्या लॉजच्या मालकीणबाईंनी तिला शब्द दिला होता, खिडकी सुटली की कोपऱ्याची खोली तुझी, हवी तितकी वर्षं. आत्या हे दर भेटीत सांगायची. मला ते पाठ झालं होतं, तरी मी दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं करायची.

पुढे लोक फोनवर खोल्या बघून ठरवायला लागले. फोटोत खोल्या मोठ्या दिसतात आणि चढ तर दिसतच नाहीत. बस भरभरून यायच्या, माणसं खिडकीवरून सरळ पुढे जायची, आणि आत्या खिडकीची झडप उघडी ठेवून बसायची. दुपारी चारला तीच माणसं धापा टाकत तिच्यासमोरून परत जायची, तेव्हा ती मला फोन करायची. “आज अकरा जण बघितले,” ती म्हणायची. “अकराही चुकीच्या लॉजवर.” आवाजात आनंद नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी हसून सोडून द्यायची.

ती सत्तर वर्षांची झाली त्या वर्षी लॉजवाल्यांनी खिडकी बंद करायचं ठरवलं. खिडकीवरची तिची खोलीही रिकामी करायची होती. बाबांचं तेव्हा बाहेर पडणं बंद झालं होतं, ते म्हणाले, “तिला इकडे घेऊन ये. माझं नाव सांग, ऐकेल.” माझ्या घरात मी तिच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली, पडदेसुद्धा बदलले. तिनं आमच्याकडे यावं असं मला मनापासून वाटत होतं. आई गेल्यापासून घरात दटावणारं कुणी उरलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा आत्याची ट्रंक भरून खिडकीबाहेर तयार होती. “तुझ्याकडे नाही,” दारातच ती म्हणाली. “वरच्या लॉजवर. शब्द दिलेला आहे.”

“आत्या, गुडघे बघ तुझे.”

“गुडघे माझे आहेत. चल, आज मोजणी करायची आहे. पहिला बर्फ पडलाय.”

तिनं स्की घेतल्या नाहीत, बूट साधेच घातले. वही माझ्या हातात दिली. लिफ्टपासून आम्ही शेजारी शेजारी निघालो, ती मोठ्यानं आकडे म्हणत. ताज्या बर्फावर आमच्याआधी कुणाचंच पाऊल नव्हतं. वहीत वरच्या लॉजपुढे जातानाची पाचशे वीस पावलं होती, आणि तो आकडा तिनं कितीतरी वर्षं बदललेला नव्हता. गेल्या काही वर्षांत ती एवढ्या वर मोजायला चढलीच नव्हती, हे मला त्या कोऱ्या रकान्यांवरून दिसलं.

तीनशेला ती थांबली, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं. चारशेला पुन्हा नाडी. पाचशे वीस झाले तेव्हा आम्ही शेवटच्या वळणाखाली होतो. लॉजचं दार अजून कितीतरी वर, त्याच्या पायऱ्या त्याच्याही पुढे.

आत्यानं दाराकडे पाहिलं. मग वहीकडे. “दार हलवलंय या लोकांनी,” ती म्हणाली.

मला हसू आलं. “आत्या, दार कोण हलवेल?”

“मागच्या बाजूनं काढलं असेल. मला न विचारता. आता सगळ्या पाहुण्यांना चुकीचा आकडा गेला असेल की!” ती खरोखर चिडली होती. मालकीणबाईंना जाब विचारायला म्हणून ती तरातरा पुढे निघाली, घसरली, तोल सावरायला माझा दंड धरला, आणि कुठं घसरलो ते बघायला म्हणून मागे पाहिलं.

मागे उतारभर आमचे ठसे होते. डावीकडे माझे, उजवीकडे तिचे. माझ्या एका पावलात तिची जवळजवळ दोन मावली होती.

ती कितीतरी वेळ ते बघत राहिली. एकदा तर चार पावलं खाली उतरून वाकून पाहिलं, कुणा तिसऱ्याचे ठसे असावेत तसं. तिला कडेवर उचलून वर न्यावं आणि त्या खोलीत नेऊन बसवावं असं वाटलं, आणि तितकंच घरी न्यावं असंही.

“चल खाली,” ती म्हणाली. उतरताना तिनं आकडे म्हटले नाहीत.

खिडकीशी आल्यावर ती सवयीनं आत जायला निघाली. मग थांबली. “तू जा आत,” मला म्हणाली आणि स्वतः बाहेर उभी राहिली, बसमधून उतरलेले लोक उभे राहायचे तिथं. पायाशी ट्रंक.

मी तिच्या खुर्चीत बसले. खुर्चीवरची उशी बसून बसून पोळीसारखी चपटी झाली होती. समोर आत्या, झडपेच्या चौकटीत, लोकरीची टोपी कपाळापर्यंत ओढलेली. पहिल्यांदाच ती मला लहान दिसली.

“विचार,” ती म्हणाली.

“आत्या, नको ना. घरी चल. बाबा वाट बघतायत.”

“खिडकीत बसलीस ना? मग विचार.”

मी विचारलं. “तुमच्यात सगळ्यात सावकाश कोण चालतं?”

तिनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, बरोबर कुणी आहे का बघितल्यासारखं. मग टोपी नीट केली.

“मी,” ती म्हणाली.

मी रडायला लागले. ती थांबून राहिली, जशी प्रत्येक पाहुण्यासाठी थांबायची, आणि माझं आटोपल्यावर फळीकडे बोट दाखवलं. वरच्या लॉजच्या पट्टीकडे नाही. सगळ्यात खालच्या रांगेतल्या, पहिलवानांच्या तळमजल्याच्या पट्टीकडे.

“भिंत दिसते तिथून,” मी म्हणाले. “नुसती भिंत.”

“पण परत येता येतं,” आत्या म्हणाली. “आणि लिफ्ट सुरू झाल्याचं कळतं. तुझ्या घरी काय कळणार मला? बाबाला सांग, बसून उतरायची वेळ यायच्या आधी बहिणीनं खोली बदलली.”

मी पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, स्वतःचंच अक्षर, आणि स्वेटरच्या खिशात टाकली. माझे नवे पडदे, माझी रिकामी खोली, सगळं मी गिळलं. शेहेचाळीस वर्षं लोकांना जे पटवत आली ते तिनं स्वतःला पटवलं होतं, त्यात मी आडवी कशी येणार?

ट्रंक मी उचलली. पहिलवानांचं लॉज समोरच होतं, पण आत्या आधी लिफ्टकडे वळली. मोजल्याशिवाय ती खोली ताब्यात घेणार नव्हती. लिफ्टच्या खांबाला हात लावून तिनं सुरुवात केली. एक, दोन, तीन. मीही शेजारी मोजू लागले, मोठ्यानं, आणि पावलं आखडली, जितकी आखडता येतील तितकी. नव्वदला आम्ही अर्ध्याहून थोडं पुढे होतो. ती थांबली नाही, नाडी बांधली नाही. पहिलवान दारात उभे होते. त्यांनाही काही कळलं असावं, कारण एरवी ते तोंडाळ, पण त्या वेळी नुसते बाजूला झाले.

“एकशे बेचाळीस,” उंबऱ्याशी आत्या म्हणाली.

“एकशे बेचाळीस,” मी म्हणाले.

तिनं मागे वळून बर्फावरच्या ठशांकडे पाहिलं. दोन सारख्या रांगा.

“लबाड,” ती म्हणाली. मग माझ्या हातातून वही घेतली, नव्वदवर काट मारली आणि नवा आकडा लिहिला, ठसठशीत.