नेट मिळालं म्हणून अपडेट केलं

मंडळी, आज मोठा घोळ करून बसले आहे.

मी केमिस्ट्रीत एमएस्सी करते. धानाच्या करपा रोगावर चालेल असा रेणू संगणकावर मॉडेल करून शोधायचा, हा माझा प्रोजेक्ट. त्या सॉफ्टवेअरला मी एक छोटं प्लगइन जोडलं होतं, माझ्या कामापुरतं बदलून घेतलेलं. रेणू रोगाच्या बुरशीतल्या प्रथिनाला नेमका कुठे चिकटतो, हे तेच दाखवायचं.

आमच्या केशोरीत रेंज धड नसते. त्यामुळे हायवेवरच्या कोहमाऱ्याला गेलं की ढाब्याच्या वायफायवर दिसेल ते उतरवून घ्यायचं, ही सगळ्यांचीच सवय. आज सॉफ्टवेअरनं विचारलं, अपडेट करू? मी हो केलं.

घरी येऊन उघडलं, तर नव्या व्हर्जनमध्ये प्लगइन चालतच नाही. प्लगइन बनवणाऱ्यानं ते केव्हाच वाऱ्यावर सोडलंय. सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन कंपनीनं साइटवरूनही काढून टाकलंय. आणि उद्या माझं प्रेझेंटेशन.

आई म्हणाली, "बरोबर चालून राहिलं होतं ना? मंग काऊन हात लावला?"



कोणाच्या लॅपटॉपवर जुनं व्हर्जन पडलंय का? लिंक पाठवू नका, इथे उतरणार नाही. फक्त गाव सांगा, मी पेनड्राइव्ह घेऊन निघते.