सहाशे चौदा सायटेशन्स आणि एक पार्सल

माझी ताई एका जागी दहा मिनिटं शांत बसलेली मी आयुष्यात पाहिलेली नाही. दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा तिने खुर्चीत इतकी चुळबुळ केली, की शेवटी डॉक्टरच उभे राहिले आणि म्हणाले, "आधी तुम्ही चालून या." ती संशोधक आहे. पेशीच्या आत कुठलं प्रोटीन काय उद्योग करतं ते शोधणं, हा तिचा पेशा. मी फ्रीझर दुरुस्त करतो. घरातले नव्हेत, प्रयोगशाळांतले, कपाटाएवढे, उणे ऐंशी अंशांवर चालणारे. थंडावा माझ्या वाट्याला आला आणि तळमळ तिच्या, असं आमचे दाजी म्हणतात आणि स्वतःच हसतात.

ताईच्या नावावर तेवीस पेपर आहेत. त्यातले बावीस तिने फार कष्टाने लिहिले आणि जगाने तितक्याच कष्टाने टाळले. एक मात्र, अकरा वर्षांपूर्वीचा, सुसाट धावला. दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा हवाला दिला की त्याला सायटेशन म्हणतात, आणि ती मोजत बसणारी संकेतस्थळं असतात. ताईच्या त्या एका पेपराला सहाशे चौदा सायटेशन्स होत्या. बाकीच्या बावीस जणांना मिळून दोनशेसुद्धा नाहीत. रोज सकाळी चहाचा कप हातात धरून ती उभ्याउभ्याच आकडा बघायची. मग आईचा फोन यायचा. "आज किती गं?" आई विचारायची, ताप किती आहे असं विचारावं तसं. सायटेशन म्हणजे काय हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. वाढतंय, एवढं तिला पुरत होतं, आणि शेजारणीला सांगायला तर भरपूर होतं.

पेपर काय होता ते मला ताईने एकदा भाजी चिरता चिरता समजावलं होतं. पेशीवर ताण आला की एक ठरावीक प्रोटीन वाढतं, असं तिने दाखवलं होतं. ते प्रोटीन ओळखायला तिने सशाच्या रक्तातून एक अँटिबॉडी तयार करून घेतली होती. अँटिबॉडीने त्या एकाच प्रोटीनला जाऊन चिकटायचं, दुसऱ्या कुणाकडे ढुंकूनही बघायचं नाही. चिकटली की फोटोत काळी पट्टी उमटते. पट्टी दिसली म्हणजे प्रोटीन आहे. सगळा पेपर त्या एका पट्टीवर उभा होता. ताईने ती अँटिबॉडी मागेल त्याला वाटली, आणि सायटेशन्स वाढत गेल्या.

या वर्षी ताईच्या संस्थेत विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. मुलाखत दोनदा पुढे ढकलून शेवटी एका मंगळवारी ठरली. संचालकांनी ताईला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "तुम्हाला बोलायची गरजच नाही. तुमचा आकडा बोलेल." त्याच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी ताईचा फोन आला. फ्रीझर बंद पडला होता.

मी पोचलो तेव्हा विद्यार्थी कोरड्या बर्फाचे खोके घेऊन धावत होते आणि ताई फ्रीझर ते खिडकी, खिडकी ते फ्रीझर अशा येरझारा घालत पेन टकटक वाजवत होती.

"ताई, ते पेन तरी थांबव. मला कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू येत नाहीये."

"त्याला आवाजच नाहीये. म्हणून तर तुला बोलावलंय."

बिघाड रविवारी झाला होता. धोक्याची घंटा वाजली असणार, पण ऐकायला कुणी नव्हतं. वरचा कप्पा वितळला होता. तळाशी अजून उणे चाळीस होतं. मी कप्पे रिकामे करत खाली गेलो. सगळ्यात शेवटी, मागच्या कोपऱ्यात, बर्फाने भिंतीला चिकटलेला एक खोका होता. खरवडून काढला. कुरियरचं पार्सल. चिकटपट्टी जशीच्या तशी. वर ताईचं नाव आणि सात महिन्यांपूर्वीची तारीख.

"हे काय? उघडलंच नाहीस?"

ताईने ते माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलं. माझ्या धंद्यात मला एक गोष्ट कळली आहे. जे टाकवत नाही आणि उघडवतही नाही, ते माणसं फ्रीझरच्या तळाशी ढकलतात. मी हातमोजे काढले आणि तिला बाहेर जिन्यात नेलं. "बोल," म्हटलं.

पार्सल दुसऱ्या एका विद्यापीठातल्या मुलीचं होतं. पीएचडी करणारी. तिने पेशींमधून त्या प्रोटीनचा जीनच मुळापासून काढून टाकला होता. जीन नाही म्हणजे प्रोटीन नाही, आणि प्रोटीन नाही म्हणजे पट्टी नाही. पण ताईची अँटिबॉडी लावली की पट्टी येत होती. मुलीने मेल लिहिली होती, ती ताईने मला फोनवर दाखवली. 'मॅडम, तीन वर्षं हेच करतेय. माझे गाइड म्हणतात, सहाशे जणांना जमलं ते तुला का जमत नाही? तुम्ही एकदा स्वतः करून बघाल का? साध्या पेशींचा आणि जीन काढलेल्या पेशींचा, दोन्ही अर्क पाठवते आहे.' खाली फोन नंबर होता.

"मग? काय उत्तर दिलंस?"

"नाही दिलं."

"सात महिने?"

"मुलाखत झाली की बघणार होते." तिने कठड्यावर बोटं वाजवली. "त्या वेळी जीन पूर्ण काढायची सोयच नव्हती रे. आम्ही तो नुसता दाबायचो. पट्टी फिकट झाली, आम्ही खूश झालो."

"फिकट होणं आणि नसणं, यात फरक आहे ना?"

"तू फ्रीझर बघ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणी माझ्या गणितातली एक चूक तिने आख्ख्या पाहुण्यांसमोर वाचून दाखवली होती, कारण चूक म्हणजे चूक. आणि आता ही बाई सात महिने एका पोरीला ताटकळत ठेवून रोज सकाळी आकडा बघत होती! मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती नुसती जिना उतरली आणि परत चढली.

संध्याकाळपर्यंत कॉम्प्रेसर बदलून झाला. वरच्या कप्प्यातलं सामान परत लावताना ताईने एक इवलीशी नळी उजेडात धरली. तिच्या अँटिबॉडीची शेवटची नळी होती ती, वितळलेली. "आता पुन्हा गोठवली तर हिचा भरवसा नाही," ती म्हणाली. "वापरायची तर आत्ताच, नाहीतर राहिलं."

"मग वापर," मी म्हटलं.

तिने ते पार्सल फोडलं आणि विद्यार्थ्यांपैकी कुणाला हात लावू दिला नाही. कित्येक वर्षांत तिने स्वतः असं काम केलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. बुधवारी दुपारी फ्रीझरचं तापमान बघायला म्हणून मी गेलो. खरं तर ते मला घरबसल्या फोनवर दिसतं. पण राहवेना.

फोटो काढायचं यंत्र एका कोंदट खोलीत होतं. पडद्यावर दोन रकाने. डावीकडे साध्या पेशी, उजवीकडे जीन काढलेल्या. डावीकडे पट्टी यायला हवी, उजवीकडे नको, एवढं मलाही कळत होतं. पहिल्या मिनिटाला काहीच नाही. दुसऱ्या मिनिटाला डावीकडे करडी सावली. ताई माझा दंड धरून उभी होती आणि तिची नखं मला रुतत होती. तिसऱ्या मिनिटाला उजवीकडेही सावली आली. पाचव्याला दोन्ही पट्ट्या काळ्याकुट्ट, एकसारख्या. तिची अँटिबॉडी अकरा वर्षं कुठल्या तरी भलत्याच प्रोटीनला चिकटत होती.

ताई संचालकांकडे गेली. ते म्हणाले, "मंगळवारपर्यंत थांबा. मग निवांत लिहा. अकरा वर्षं थांबलं, आणखी सहा दिवसांनी काय होतंय?" बोलणं तसं शहाणपणाचं होतं. त्यामुळेच ताईचे हाल झाले. चार दिवस तिने घर डोक्यावर घेतलं. कपाटं आवरली, आवरलेली परत काढली, दाजींना तीनदा एकच प्रश्न विचारला आणि एकदाही उत्तर ऐकून घेतलं नाही. आईचा फोन आला तेव्हा तिने आकडा सांगितला नाही, आणि आईला वाटलं हिला बरं नाहीये. पेपरावरच्या दुसऱ्या लेखकाने 'तू म्हणशील तसं' म्हणून हात झटकले. सोमवारी दुपारी ताईने नियतकालिकाला पत्र पाठवलं, की आमचा निष्कर्ष चुकीचा आहे, पेपर मागे घ्यायचा आहे. पाठवल्यावर मला फोन करून म्हणाली, "उद्या मला तू घेऊन जा. माझ्याने गाडी चालवली जाणार नाही."

मुलाखतीच्या खोलीतून ती अकराव्या मिनिटाला बाहेर आली.

"पहिलाच प्रश्न आकड्याचा," ती चालता चालताच म्हणाली. "मी म्हटलं, त्यातून सहाशे चौदा वजा करून विचारा."

"मग?"

"मग सगळ्यांनी पाणी प्यायलं."

जागा गेली हे सांगायला कुणी लागणार नव्हतं. पण खरं सांगतो, त्या पार्किंगमध्ये माझी छाती फुगली होती. मला वाटलं, संपलं. सुटलो. मी गाडी सुरू करणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, त्या मुलीला सांगते," आणि मेलमधला नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला.

ताईने नाव सांगितलं आणि एका दमात बोलून टाकलं. "तुझं बरोबर होतं. मी करून पाहिलं. पट्टी येते. तुझा हात चुकत नव्हता, माझा पेपर चुकला होता. मी तो मागे घेतेय."

पलीकडे कसलं तरी यंत्र बीप करत होतं. 

"कधी करून पाहिलंत, मॅडम?"

"मागच्या बुधवारी."

"मी सोडलं," मुलगी म्हणाली. "चार महिने झाले. गाइड म्हणाले, तुझ्या हाताला वळण नाही. मी वाट बघितली तुमच्या उत्तराची, पण मग..." तिने वाक्य सोडून दिलं. "आता रक्ततपासणी केंद्रात आहे. बरं चाललंय."

 माझी फुगलेली छाती कुठल्या कुठे गेली. त्या क्षणी मला ताईचा इतका राग आला, आणि तिची इतकी कीव आली, की मी नुसता स्टिअरिंगकडे बघत राहिलो.

"माझं चुकलं," ताई म्हणाली. "फार चुकलं."

"हं." मुलीने विचारलं, "मग ती पट्टी होती कुणाची?"

"माहीत नाही."

"मला थोडा अंदाज आहे. शेवटी शेवटी बघत होते मी. वहीत लिहून ठेवलंय. पाठवू?"

"पाठवू नकोस. तू ये," ताई घाईघाईने म्हणाली. "माझ्या लॅबमध्ये ये. तूच शोध. मी तुझ्या गाइडशी बोलते, विद्यापीठाला लिहिते, काय लागेल ते करते."

"नाही मॅडम. आता नाही जमायचं माझ्याने. वही पाठवते, तुम्ही बघा." मागे कुणीतरी तिला हाक मारली. "आले," म्हणून ती पुन्हा फोनवर आली, आणि तिचा आवाज एकदम काळजीचा झाला. "मॅडम, पेपर मागे घेतला म्हणून तुम्हाला काही त्रास तर नाही ना होणार?"

ताईने फोन माझ्यापुढे धरला. मीच वाकून म्हटलं, "मी त्यांचा भाऊ बोलतोय. नाही होणार हं काही," आणि तिने "बरं झालं" म्हणून फोन ठेवला.