अंबक्कांचं मीठ

रांधणाऱ्या हाताला मत्सर शिवत नाही, असं आमच्या माहेरी मानत. त्या घरात पन्नास वर्षं एकच बाई रांधत होती, त्यामुळे या वचनाची परीक्षा कधी झाली नाही. माझी झाली, बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये, आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या अंबक्कांमुळे.

आमच्या सोसायटीत दहा-बारा मराठी घरं. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेले. अंबक्का मात्र इथल्याच, दहा पिढ्यांच्या. त्यांचा कुणी पूर्वज कुठल्याशा सरदाराबरोबर घोड्यावरून इकडे आला होता म्हणे. पूर्वज सगळ्यांचे घोड्यावरूनच येतात; पायी आलेला मला अजून कुणाचा भेटलेला नाही. अंबक्का स्वतः टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. "आम्ही आलो तेव्हा हे गाव नव्हतं," त्या म्हणत, "तुम्ही आलात तेव्हा रस्ता उरला नव्हता. सरी, असू दे, आता जेवा."

आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी दुधीची भाजी पाठवली. माझी मुलगी मुग्धा तेव्हा नऊ वर्षांची. घरी दुधी केला की ती स्वयंपाकघरातच येत नसे. ती भाजी तिनं दोनदा मागून घेतली. मी अंबक्कांना कृती विचारली. त्यांनी ओल्या खोबऱ्यापासून उडदाच्या डाळीपर्यंत सगळं मोकळेपणानं सांगितलं, आणि हेच मला जास्त लागलं. ज्याला लपवण्याची गरज वाटत नाही, त्याचं काय करायचं? मी तशीच भाजी केली. मुग्धानं एक घास खाल्ला आणि शांतपणे विचारलं, "ही आपल्या घरची आहे ना?"

ही गोष्ट मी अक्कांच्या कानावर घातली, तर म्हणाल्या, "मुलांना काय खाणार म्हणून विचारू नये. वाढायचं आणि दुसरीकडे बघायचं." मी दुसरीकडे बघितलं. मुग्धा सातव्या मजल्यावर गेली.

संक्रांत, पाडवा, गणपती, सगळं खालच्या हॉलमध्ये होई. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचा. माझ्याकडे पाककृतींच्या पुस्तकांचं एक अख्खं कपाट आहे, आणि ती मी वाचलेलीही आहेत. माझा मसालेभात पुढे दोन दिवस आमच्या डब्यांत असे. अक्कांचं पातेलं लोक पोळीच्या तुकड्यानं पुसून घेत. माझा नवरा, जो एरवी शब्द जपून वापरतो, म्हणायचा, "अक्कांच्या हातात काहीतरी आहे." मी म्हणायचे, "हो, बांगड्या."

अक्का नैवेद्य दाखवण्याआधी काहीही चाखत नसत. मीठ पुरेसं आहे की नाही, हे त्या वासावरून ठरवत. झाकण काढून, डोळे मिटून वाफेवर वाकत, आणि "स्वल्प हवं" म्हणून आणखी चिमूट टाकत. मिठाला वास नसतो, हे मी त्यांना एकदा शास्त्राच्या आधारे समजावून सांगितलं. "तुला येत नसेल," त्या म्हणाल्या.

तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला चाळीस माणसांची कटाची आमटी त्यांच्याकडे होती. पातेलं खाली न्यायला मी वर गेले. त्या साडी नेसायला आत गेल्या तेवढ्यात मी डावभर आमटी वाटीत घेऊन प्यायले. मला त्यांची चूक शोधायची होती, हे इथे लिहून टाकते. चूक सापडली. आमटीत मीठच नव्हतं. कमी नव्हे, अजिबात नव्हतं.

त्या बाहेर आल्या. आम्ही पातेलं लिफ्टमध्ये ठेवलं. सात मजले होते. एक वाक्य बोलायला पुष्कळ झाले. मी आकडे उतरताना पाहत राहिले.

नैवेद्य झाला, अक्का घरच्या देवाला पान वाढायला वर गेल्या, पंगत बसली, आणि मी अक्कांच्या साम्राज्याचा अस्त बघायला सज्ज झाले. पहिला भुरका सोसायटीतल्या ज्येष्ठ जोशीकाकांनी घेतला. क्षणभर थांबले. पानाच्या डाव्या बाजूचं मीठ बोटानं आमटीत कालवलं आणि पुढे जेवू लागले. शेजाऱ्यानं तेच केलं. मिठाची वाटी पंगतीतून चार वेळा फिरली आणि त्यावरून कुणीही काहीही निष्कर्ष काढला नाही. उलट जोशीकाकांनी जाहीर केलं की अक्कांनी रक्तदाबवाल्यांचा विचार करून मीठ ज्याच्या-त्याच्यावर सोपवलंय, याला म्हणतात जाण. दोघातिघांनी माना डोलावल्या. आमटी संपत आली.

शेवटच्या पंगतीला अक्का आणि मी शेजारी बसलो. त्यांनी एक घास घेतला आणि हात थांबवला. मग माझ्या पानाकडे बघितलं.

"तू चाखली होतीस," त्या हळूच म्हणाल्या.

मी नाही म्हणाले.

"पहिल्या घासाआधीच मीठ कालवलंस ग. वर ओट्यावर आमटीची वाटी दिसली होती, तेव्हा उमगलं नाही. तुला ठाऊक होतं."

मी भात चिवडत राहिले. त्या मिठाची वाटी ओढून घेऊन जेवू लागल्या.

दोन दिवसांनी त्यांनी मला वर बोलावलं. कॉफी दिली, दार लावलं आणि सांगितलं, की थंडीत ताप आला होता तेव्हापासून वास येईनासा झालाय. फोडणी करपली तरी कळत नाही, मीठ पडलं की नाही तेही नाही. "कुणाला बोलू नकोस. उद्या सगळ्या मिळून मला खुर्चीत बसवतील आणि फक्त हळदीकुंकवाला उठवतील. तसलं बसणं मला नको." मग म्हणाल्या, "यापुढे मीठ तू घाल. नैवेद्याआधी माझ्यानं चाखवत नाही. तू तर चाखतेसच."

मी हो म्हटलं. गुपितही पाळलं. यात चांगुलपणा नव्हता. त्यांच्या नाकाची गोष्ट सांगितली असती तर माझ्या लिफ्टमधल्या सात मजल्यांचीही सांगावी लागली असती. त्यानंतर अडीच वर्षं प्रत्येक सणाला मी सकाळी वर जायचे. चाळीस माणसांच्या आमटीला ऐंशी ग्रॅम मीठ, हे मी पहिल्याच खेपेला काट्यावर मोजून ठरवलं होतं. ते ओतायचे, चाखायचे, मान हलवायचे. अक्का तेवढ्यात देवाची क्षमा मागून घेत, माझ्या वतीनंसुद्धा. खाली स्तुती व्हायची. त्या ती घेत आणि माझ्याकडे बघत नसत. मी मात्र एकेक शब्द मोजत असे, आणि माझा मत्सर रतीभरही कमी झाला नाही.

गेल्या दिवाळीनंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि म्हैसूरची लेक त्यांना घेऊन गेली. निघताना त्यांनी मला पोटाशी धरलं. "माझ्यासारखं करू नकोस," म्हणाल्या, "तुझं कर. आणि बोलायचं असेल तेव्हा बोल."

यंदाच्या पाडव्याची आमटी मी एकटीनं केली. त्यांच्याच कृतीनं. पंगतीत जोशीकाकांनी भुरका घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "छान आहे, वैशाली. पण अक्कांचं ते मिठाचं प्रमाण, ते काही आता पुन्हा मिळायचं नाही."

नवऱ्यानं मान डोलावली. मुग्धानंही.

मीठ ऐंशी ग्रॅम होतं.