खिरणीतलं दूध

फळवाल्यांवर माझा विश्वास नाही. त्यामुळे लकडगंजच्या फुटपाथवर खिरण्यांची टोपली घेऊन बसणाऱ्या त्या बाईवर मी ऑफिसला जातायेता नजर ठेवून असे. माप गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतण्याआधी ती त्यातलीच एक खिरणी उचलून आपल्या तोंडात टाकायची. प्रत्येक मापातली एक!

शेवटी एकदा मी थांबलोच. पिकल्या निंबोळ्याही अशाच पिवळ्या, लांबट दिसतात.

"ह्या खिरण्याच आहेत कशावरून?"

"नावातच हाय नं, भाऊ." तिनं एक अर्धी कच्ची खिरणी नखानं टोचली. पांढरा थेंब वर आला. "दूध हाय म्हणून खिरणी. झाडाले कुठंबी टोचा, दूधच निघते."

खीर, क्षीर, हे मला शाळेतल्या संस्कृतातून आठवलं. तरी म्हटलं, "चीक तर कच्च्या निंबोळीलाही असतो. आणि आमच्या मापातली एक तुम्ही का खाता?"

ती रागावली नाही. माझं माप भरता भरता म्हणाली, "तुमच्यासारखे लोक रोज हेच विचारून राहिले, म्हणून. कडू निंबोळ्या कोणी दिवसभर खाईन का, भाऊ?"

आणि माझ्याही मापातली एक तिनं तोंडात टाकली.

मी तिथंच उभ्यानं चार खाल्ल्या. गोड होत्या, अगदी साखर. माप एकानं कमी भरलंय, हे तिला सुनावायचं होतं. पण खिरणीच्या दुधानं माझे ओठ एकमेकांना घट्ट चिकटले होते.